तांब्याभर पाऊस

लढाईचे दिवस होते. मी म्हसवडला नव्यानं नांदायला आले होते आणि नदीच्या कोरड्या पात्रातल्या झऱ्यावर पाणी भरायची. तिथं एक मास्तर भूगोल शिकवायचे. धोतर खोचून मुलांबरोबर मातीचे दोन डोंगर रचायचे. एकावर हरळी लावायचे, दुसरा बोडका ठेवायचे. मग माझ्यापुढं तांब्या धरायचे. "वहिनी, थोडा पाऊस द्या." बोडका डोंगर वाहून गेला की मुलांहून तेच जास्त खूश.

एकदा सासूबाईंनी अर्धी घागर बघून विचारलं, "पाणी कुठं सांडलंस?"

"डोंगरावर पाऊस पाडून आले, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच आल्या. बोडका डोंगर वाहून जाताना बघून करवादल्या, "आवं मास्तर, त्याच्यावर बी गवत लावा की."

मास्तर मुलांकडं वळले. "चला, धडा संपला."