बेदियाकोचं उन्हातलं सोनं

बेदियाकोच्या दुकानावर 'इंजिनियर' अशी पाटी आहे. पाटी त्यानेच रंगवली, पदवीही त्यानेच दिली. सोन्याच्या खाणींच्या आमच्या दुंक्वा गावात, शेजारीच, तो वीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतोय. माझा त्याने दुरुस्त केला, तेव्हापासून त्यावर एकच स्टेशन लागतं.

मागच्या वर्षी त्याने सोनं शोधायचं यंत्र बनवलं. काठीला तांब्याच्या तारेचं वेटोळं, कमरेला डबा. डब्यात दोन सर्किटं. दोन्ही सेकंदाला लाखभर वेळा वीज चालू-बंद करून चौकोनी लहरी काढतात. वेटोळ्याखाली धातू आला की एक लहर बदलते आणि दोघींतला फरक भोंग्यातून गुणगुणतो. दुसरीने मात्र जागचं हलायचं नाही. ती क्रिस्टलवर चालवावी, एवढं माझ्या कॉलेजच्या पुस्तकातही होतं. जुन्या टीव्हींतले क्रिस्टल याच्याकडे डबाभर. याने टायमरची चिप लावली.

"क्रिस्टल हट्टी असतो, मॅडम. एकच सूर धरून बसतो. टायमर कसा, बटण फिरवलं की ऐकतो."

बेदियाकोला ऐकणारेच आवडतात.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते यिआदोम. त्याची बहीण फोसुआ हिची कोकोची बावीस झाडं. तिने आईबरोबर लावलेली, तिचं घर चालवणारी. यिआदोमने तिला न विचारताच इंजिनियरला शेतात उभं केलं. सकाळी यंत्र गप्प. दहानंतर बांधाकडेला गुणगुणलं. दोन दिवसांत तीन झाडं पडली, कमरेएवढे खड्डे झाले, आणि वर आली ती लाल माती.

तिसऱ्या दिवशी चौथ्या झाडाला कोयता लागणार, तेव्हा मी तिथेच होते.

"दादा, थांब," फोसुआ म्हणाली. "सोनं रोज उन्हातल्याच झाडांखाली कसं रे? सावलीत याचं यंत्र मुकं होतं."

"तुला काय कळतंय त्यातलं? इंजिनियर आहेत ते."

"खोल गेलंय सोनं, बाई," बेदियाको म्हणाला. भोंगा गुणगुणत होता.

तिने कसाव्याच्या कंदांच्या भांड्यावरचं ओलं फडकं उचललं आणि त्याच्या कमरेच्या डब्यावर घातलं. "आता इथून हलायचं नाही."

तो हलला नाही. यिआदोमने काठी धरून ठेवली होती. डबा गार होत गेला तसा भोंग्याचा सूर हळूहळू उतरत गेला आणि बंद पडला. झाड जागेवर, काठी जागेवर.

"इंजिनियर, तुमचं सोनं गारठलं," फोसुआ म्हणाली.

यिआदोमने कोयता खाली टाकला.

एकोणीस झाडं उभी आहेत. पुढे बेदियाकोने गुपचूप क्रिस्टल बसवला आणि भर दुपारी तिचं सगळं शेत फिरला. सार्डिन माशांचा एक रिकामा डबा सापडला. दुकानात तो अजून सांगतो, बाईने पाणी लावलं म्हणून सोनं रुसलं. ऐकणारे मान डोलावतात, आणि रेडिओ दुरुस्तीला त्याच्याकडेच टाकतात.