थायरॉईडची गोळी आणि पूजेनंतरचा चहा

"आजी, तुमचं डोकं ठीक आहे. थायरॉईड झोपलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मी तिथंच रडले.

सोलापूरचा उन्हाळा. भोवती सगळे घाम पुसतायत आणि मी शाल पांघरून बसलेली. पण रडले ते त्या थंडीपायी नाही. नातीला हाक मारायला गेले आणि नावच आठवेना, असं दोनदा झालं होतं. माझी आई शेवटी शेवटी मलाच विचारायची, 'तू कुणाची गं?' तेच आपल्या वाट्याला आलं, असं मी धरून बसले होते.

डॉक्टरबाईंनी समजावलं. थायरॉईड म्हणजे गळ्यातली ग्रंथी. तिच्यातून हार्मोन सुटतं, म्हणजे रक्तातून अंगभर फिरणारा निरोपच. ऊब धर, पोट साफ ठेव, डोकं चालव, असं ते सांगत फिरतं. ते कमी पडलं की सगळं मंदावतं, विसरायलाही होतं. आणि टीएसएच म्हणजे डोक्यातून थायरॉईडला मारलेल्या हाका. तो उठेना, तशा हाका वाढतात. माझ्या रिपोर्टात नुसती ओरड चाललेली की!

"सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर," असं सांगून गोळी सुरू केली.

दीड महिन्यानं रक्त तपासलं. फरक नाही. डोस वाढवला. पुन्हा तेच. रिपोर्टच्या खिडकीपुढं बसले. मनात एकच, डोकंच चाललंय, हे लोक मला सांगत नाहीत. सोबत सून होती, आमचे मालक होते. त्यांच्याही तोंडाकडं बघवेना.

"गोळी चुकत तर नाही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एक दिवस नाही. रोज पूजेनंतर." आमच्यात गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाहीत.

"पूजा झाली की लगेच?"

"चहा होतो, मग गोळी."

"आजी, उपाशीपोटी सांगितलं होतं ना?"

"मग? चहा म्हणजे काय खाणं हाय व्हय?"

सुनेनं तोंडाला पदर लावला. मालक म्हणाले, "हिचा चहा उपासालाबी चालतो, डॉक्टर."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. चहानं ही गोळी अंगात नीट शिरतच नाही म्हणाल्या. हाडांसाठी चालू असलेली कॅल्शियमची गोळी तर चार तास लांब ठेवायची. मी दोन्ही एकाच घोटात घेत होते!

"मग पूजा सोडायची का?" मी विचारलं.

"पूजा कशाला सोडता? चहा तासभर मागं ढकला."

आता पादोदक, म्हणजे पूजेचं तीर्थ, घेतलं की लगेच गोळी आणि वर पेलाभर पाणी. तो तास लई जड जातो बघा. वासानं मला राहवणार नाही म्हणून सून गॅसकडं फिरकत नाही. मालकांचाही चहा अडतो. "तुझ्या थायरॉईडपायी माझं डोकं दुखाय लागलं की," म्हणतात. पण एकटे पीत नाहीत.

पुढच्या रिपोर्टात हाका उतरल्या. शाल पेटीत गेली. बायांनो, डॉक्टर उपाशीपोटी म्हणाले की तिथंच विचारून घ्या, चहा धरून का सोडून. लाजू नका.

भीती सगळी गेली असं नाही. अजून जाग आली की आधी मनात नातीचं नाव घेते. गिरिजा. आलं, की मगच पाय खाली ठेवते.