डावीकडची पहिली लेन

रिटायर झाल्यावर माझी पोस्टिंग तळवलीला झाली, म्हणजे माझ्या स्वतःच्या घरी. सुभेदार म्हणून पलटण सोडली. आता दर रविवारी सकाळी सात वाजता महाप्याच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका खाजगी शूटिंग रेंजवर हजर होतो. काम पॉइंट टू-टू रायफलच्या कोचिंगचं. फौजेत जवानाच्या हातात रायफल यायची आणि तो नेम शिकायचा. इथे लोक आधी सामान घेतात आणि मग नेम शोधत बसतात.

रेंजवर माझा एकच हट्ट चालतो. डावीकडची पहिली लेन रिकामी ठेवायची. मेंबर कुरकुरतात, तिथे बॅगा आणि पाण्याच्या बाटल्या ठेवतात. एक बिल्डर दर आठवड्याला विचारतो, "साहेब, ही लेन काय बुकिंगला काढलीय काय?" मी पुढच्या लेनकडे वळतो.

या लेनमध्ये रायफलच्या नव्या सामानाची सगळ्यात जास्त खोकी हर्षदाची असायची. हर्षदा म्हणजे माझ्या पलटणीतल्या नाईक बाळारामची मुलगी. बाळाराम उरणचा. तो गेला तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. आता महाप्याला आयटी कंपनीत आहे. बाळाराम पलटणीच्या फायरिंग टीममध्ये होता, हे तिने आईकडून ऐकलं आणि शूटिंग सुरू केलं. लायसन्स काढलं, एका म्हाताऱ्या मेंबरकडून स्वस्तातली देशी रायफल घेतली. साधी लाकडी बटाची, म्हणजे दस्त्याची, पण नळी चांगली. तिला राज्य स्पर्धेत उतरायचं होतं. सिलेक्शन आमच्याच रेंजवर होणार होतं. मागच्या दोन सिलेक्शनला ती थोडक्यात राहिली होती.

आता तिने सगळा दोष रायफलवर टाकला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आधी नळीखाली लावायचा दोन पायांचा बायपॉड आला. मग दुर्बीण आली.

"हर्षदा, पालथं पडून मारायच्या प्रोन मॅचला ही दोन्ही चालत नाहीत. रूल वाचलेस का?"

"काका, प्रॅक्टिसला तर चालतील ना? व्हिडिओत सांगितलंय, ग्रुप टाइट होतो, गोळ्या जवळजवळ बसतात."

"व्हिडिओवाला येणार आहे का सिलेक्शनला?"

पुढच्या रविवारी दोन्ही वस्तू खोक्यात गेल्या आणि बारीक भोकातून नेम धरायची नवीन पीप साइट, नवीन ट्रिगर आणि बटाचं रबर अशा तीन वस्तू एकदम लागल्या. मी कपाळावर हात मारला. रायफलवर एक वस्तू बदलली की झिरो करायची, म्हणजे नेम पुन्हा जुळवायचा, ग्रुप बघायचा, मगच दुसरीला हात लावायचा. तिन्ही एकदम बदलल्या तर बिघडलं कशाने आणि सुधारलं कशाने, हे देवालाही सांगता येणार नाही. मी सगळं उतरवायला लावलं. स्क्रू आवळले. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या चालवून पाहिल्या, कारण पॉइंट टू-टूला एखादीच गोळी मानवते. तीही सापडली. मग साइट एकटी लावली, नंतर ट्रिगर.

तरी रडगाणं तेच. पहिल्या दहा गोळ्या नाण्याएवढ्या जागेत आणि पुढच्या दहा वाऱ्यावर. मी त्याच रायफलने मारल्या तर सगळ्या एका जागी. मला इतका वैताग आला की घरी बायकोने चहा पुढे केला तर तिच्यावरच खेकसलो.

त्यातच उरणहून वहिनींचा, बाळारामच्या बायकोचा, फोन.

"भावजी, ती रायफल इकाला निंगालीय. बोलते, माज्यानी व्हनार न्हाय. तुमी सांगा, तुमचा ऐकंल."

"वहिनी, मी काय सांगू? मलाच समजत नाही."

"तिचा बापूस व्हता तर त्याला समजला असता," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ते वाक्य मला लागलं. रविवारी मी हर्षदाला म्हणालो, "शेवटची एक सिरीज मार. मग खुशाल वीक ती रायफल."

एरवी मी तिच्या मागे टेलिस्कोपला डोळा लावून टारगेट बघायचो. त्या दिवशी टारगेट सोडलं आणि बाजूला, भिंतीच्या आडोशाला उभा राहून फक्त तिचं तोंड बघितलं. सुरुवातीला गाल बटावर नीट होता. दहाव्या गोळीनंतर मान हळूहळू पलीकडे कलायला लागली. तिला पत्ताही नव्हता. ती डावा डोळा साइटच्या मागे आणायला बघत होती.

मी ओरडलो, "स्टॉप. बोल्ट खोल. उठ."

ती घाबरून उठली.

"दोन्ही डोळे उघडे ठेव. हात लांब कर. अंगठ्याने तो खांब झाक. आता उजवा डोळा मीट. खांब दिसतो?"

"नाही. अंगठाच दिसतो."

"आता डावा मीट."

"अंगठा बाजूला सरकला, काका."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिचा नेमाचा डोळा डावा होता आणि ती मारत होती उजव्या खांद्यावरून. ही परीक्षा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली ती तिच्या बापावर.

रिक्रूट असताना बाळाराम रायफल डाव्या खांद्याला लावायचा. ट्रेनिंगच्या उस्तादने त्याला शिव्या घातल्या, रगडा दिला. बाळाराम ढिम्म. शेवटी उस्तादने अंगठा धरायला लावला आणि म्हणाला, "इसकी बायीं आँख मास्टर है. छोड़ दो इसे." तेव्हापासून बाळाराम डावखुरा फायरर. तापलेली रिकामी काडतुसं त्याच्या उजव्या दंडावर पडायची, तिथे भाजल्याचे डाग होते. शेजाऱ्याला अडचण नको म्हणून फायरिंग लाइनवर त्याची जागा ठरलेली, डावीकडून पहिली. पुढे गस्तीवरही तो डावीकडेच चालायला लागला.

आमची पोस्ट सरहद्दीवर एका नाल्याच्या वर होती. सकाळी गस्तीची तुकडी घेऊन उतरलो. मी सेक्शन कमांडर. वळणावर समोरून फायर आला. एक जवान मांडीत गोळी लागून उघड्यावर पडला. आम्ही एका मोठ्या दगडामागे. मी वायरलेसवर पोस्टला हाक दिली.

"टायगर, ब्रावो वन. कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"ब्रावो वन, टायगर. होल्ड करा. मदत निघाली. ओव्हर."

जवानाला ओढून आणायला कव्हर हवं होतं. दगडाच्या उजवीकडून दुश्मन दिसत नव्हता. दिसायचा तो फक्त डाव्या कडेवरून, आणि तिथून उजव्या खांद्यावरून मारायचं तर अर्धं अंग बाहेर काढावं लागलं असतं.

बाळाराम म्हणाला, "साहेब, ही जागा माझी."

त्याने फायर दिला. आम्ही दोघांनी जवानाला आत खेचलं. तो जवान आज नातवंडं खेळवतो. मदत पोचली तेव्हा फायर थांबला होता आणि बाळाराम त्याच कडेला पडलेला होता, रायफल डाव्या खांद्याला. तो माझा भाऊच होता.

त्यानंतर आमच्या सेक्शनने फायरिंगला डावीकडची पहिली जागा कधी कुणाला दिली नाही. वरून हुकूम नव्हता, पण कुणी ती मागितलीही नाही. पलटण सुटली तरी माझी ती सवय सुटली नाही.

हे सगळं मी हर्षदाला तिथेच, चटईवर बसून सांगितलं. ती म्हणाली, "पप्पांच्या दंडावरचे डाग देवी आल्याचे, असं आई समजते."

पुढच्याच रविवारी तिने रायफल डाव्या खांद्याला घेतली. सामान लागलं ते एवढंच: बटाच्या उजव्या बाजूला गालासाठी फोम आणि त्यावर चामड्याची पट्टी. ती नेरूळच्या एका मोच्याने शिवून दिली. रायफल पेलायचा पट्टा, स्लिंग, उजव्या दंडाला बांधला. गोळी भरायचा बोल्ट उजवीकडेच, त्यामुळे दर गोळीला डावा हात वरून पलीकडे न्यायचा. सुरुवातीला ती इतकी वैतागली की दोनदा चटई गुंडाळून निघाली. दोन्ही वेळा परत आली.

सिलेक्शनच्या सकाळी रेंज ऑफिसर यादी घेऊन आले. "ही मुलगी लेफ्ट हँडेड आहे. कडेची लेन लागेल. एक नंबर रिकामी का आहे?"

बिल्डर माझ्याकडे बघायला लागला. मी लेनमधल्या बॅगा आणि बाटल्या स्वतः उचलून बाहेर ठेवल्या.

"रिकामी नाही, साहेब," मी म्हणालो. "हिचीच आहे."

हर्षदा सिलेक्ट झाली. शेवटच्या नावांत, पण झाली. वहिनींना तिने तिथूनच फोन लावला. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो.

सगळे गेल्यावर मी रेंज बंद करायला आलो. प्रत्येक लेन झाडून शेवटी पहिलीत आलो. त्या जागेवर कधी झाडू मारायची वेळच आली नव्हती. आज तिथे चटईच्या उजव्या अंगाला रिकामी काडतुसं पडली होती. मी गुडघ्यावर बसलो आणि ती हाताने वेचली.