आनंदाबाईंच्या टाक्यातला फेस

पवनारच्या आनंदाबाई माझ्या ओळखीच्या आहेत, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतो. त्यांच्या गोठ्यात दिव्याशेजारी भिंतीला चिकटून एक झाडबेडकी बसते. दिव्यावर आलेली पाखरं ती टिपते, म्हणून धार काढताना दुधात पाखरू पडत नाही. आनंदाबाई तिला घरचीच मानतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचे यजमान नत्थूजी गोठ्यातलं गुरांचं टाकं घासायला उतरले. सगळं शेवाळ खरवडून उकिरड्यावर गेलं, चुन्याची बादली आली. टाक्याच्या आतल्या भिंतीवर, काठाखाली, मुठीएवढा पांढरा फेस होता. बैल धुतल्याचा साबण समजून त्यांनी खराटा उचलला.

"थांबा जी. साबन नाई तो. बेंडकीचे अंडे हाये त्यात."

"साबन तूच सांडला असशीन, अन् नाव बेंडकीचं."

आनंदाबाई हलल्या नाहीत. ही राहते भिंतीवर, त्यांनी समजावलं, पण पिलांना पाणी लागतं. म्हणून पाण्याच्या वर भिंतीला फेस लावते, पिलं फुटली की टपकन खाली पाण्यात पडतात. आज खाली कोरडं सिमेंट होतं. नत्थूजींनी खराटा खाली ठेवला. मग तेवढी जागा सोडून त्यांनी चुना मारला आणि खाली पाण्याचं घमेलं ठेवलं. संध्याकाळी तिथंच गोठ्यात बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळून दरवर्षीसारखं आवतन दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

सकाळी फेस विरघळला. घमेल्यात बारीक शेपट्या वळवळू लागल्या, आणि आनंदाबाईंचा चेहरा उतरला. मोठी झाली की ही पिलं पाखरं खातील, पण पाण्यात आहेत तोवर शेवाळच खाणार. ते तर उकिरड्यावर वाळत होतं. नत्थूजींनी ऐकलं आणि दुपारी झुली घातलेले बैल वेशीवरच्या पोळ्याच्या तोरणाकडे नेले.

तोरण तुटलं, पोळा फुटला. सगळ्यांचे बैल घरी आले, यांचे येईनात. आनंदाबाई पुरणपोळीचं ताट घेऊन दारात उभ्याच. शेवटी नत्थूजी आले ते धाम नदीवरून, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, एका हातात कासरे, दुसऱ्या हातात पळसाच्या पानात गुंडाळलेलं हिरवंगार शेवाळ. तसेच ते टाक्याकडे गेले.

"काऊन जी, बैल उपाशी हाये ना?"

नत्थूजींनी शेवाळ हळूच घमेल्यात सोडलं.

"याइले बी काल आवतन गेलतं. इथंच होते, ऐकून राह्यलते."