औटकी येते का?

त्या दिवशी मी ट्रंक भरली, आणि पाटील शाळेत आले.

लढाई चालू होती. साताऱ्याला रेशनिंगच्या कचेरीत कारकून हवे होते आणि तिथला पगार मास्तरकीपेक्षा बरा होता. माण तालुक्यातल्या त्या कोरड्या गावातून माझ्याआधीचे तिन्ही मास्तर असेच गेले होते. एक तर हजेरी घेता घेता उठून गेला, असे मुले सांगत. मी सांगलीचा, नदीकाठी वाढलेला. इथे तोंड धुतलेल्या पाण्यात पाट्या पुसायच्या, हे मला जमत नव्हते.

पाटील ट्रंकेवरच बसले. त्यामुळे ती उचलण्याची सोय उरली नाही.

"मास्तर, तुमी गेला तर शाळा बंद. शाळा तपासनारे दिपोटीसायब सांगून गेल्यात, आता दुसरा मास्तर मिळायचा न्हाई." मग म्हणाले, "आमी लय इचार केला. आधीचे तिघंबी बिनलग्नाचे. एकट्या मानसाला निघताना अडवनार कोन? तुमचं लगीन करतो."

वडील नव्हते. मामांनी वाईचे एक स्थळ सुचवले होते, पण त्यांना स्वतःला सवड नव्हती. हे मीच कधीतरी पाटलांना बोलून बसलो होतो. त्यामुळे मुलगी पाहायला वरपक्ष म्हणून पाटील आणि गावचे चार फेटेवाले निघाले. मुलीचे वडील घाटावर पूजा सांगत. त्यांनी एकेक फेटा नीट पाहिला, मग मला पाहिले आणि पोहे आणायला सांगितले.

मुलगी येऊन बसली. सातवीची फायनल पास होती. अशा वेळी स्वयंपाक, शिवण विचारतात. पाटलांनी विचारले, "पोरी, औटकी येती का?"

"काय?" मुलीचे वडील म्हणाले.

"साडेतीनाचा पाढा, आवं. आमचे गेले मास्तर सात औटाला अडायचे."

मुलीने मान वर न करता औटकी म्हणायला घेतली. सहा औटे एकवीसपर्यंत आली आणि थांबली. "पुढचं मास्तरांनी म्हणावं."

"सात औटे साडेतेवीस," मी म्हणालो.

पाटलांना औटकी येत नव्हती. त्यांनी तिलाच विचारले, "बरोबर हाय का?"

"एक कमी आहे."

पाटील माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमाला हिची लय गरज हाय."

"तुम्ही सून बघायला आलात की मास्तरीण नेमायला?" मुलीच्या वडिलांनी विचारले.

"दोनी झालं तर बरंच की. बोर्ड पगार एकाचाच देनार."

मग तिने एकच प्रश्न विचारला. "गावात पाणी कुठून आणतात?"

फेटेवाले पोह्यांतले शेंगदाणे शोधू लागले. स्थळ गेले, असे मी धरून चाललो.

"लांबनं," पाटील म्हणाले. "टेकडीपल्याडच्या हिरीवरनं. खोटं कशाला बोलू? पन तुमच्या दारात आमी आनून घालू. रोज एका घराची पाळी. मास्तर गावात हाय तवर."

"पाणी कोणाच्या हातचं, हेही बघावं लागतं," तिचे वडील म्हणाले.

"आधी येऊ दे, बाबा," ती म्हणाली. "मग हात बघू."

लग्न झाले आणि पाणी येऊ लागले. उन्हाळ्यात हंडा अर्धाच येई, आणणारी बाई अपराध्यासारखे तोंड करी, आणि ही आतून चहा घेऊन येई. बिगरीचा वर्ग तिने आपणहून घेतला. त्याचा पगार कोणी दिला नाही. माझी औटकीही तिने पक्की करून घेतली, मुलांच्या मागे बसवून.

साताऱ्याहून मला दोनदा बोलावणे आले. दोन्ही वेळा ती एवढेच म्हणाली, "जाऊ या. आज पाण्याची पाळी ज्यांची आहे, त्यांना तेवढं सांगून या." मी सांगायला निघे. समोरून टेकडी उतरत डोक्यावर हंडा येताना दिसे. मी पिकापाण्याची चौकशी करून परत येई. ती विचारी, "सांगितलंत?" आणि उत्तराची वाट न पाहता तांदूळ निवडायला बसे.

गेल्या श्रावणात ती गेली. गावात आता नळ आहे, शाळेत मास्तर पुरेसे आहेत. मी इथेच राहतो. सकाळी दारात हंडा येतो.