बोंबलांची पुडकी
सुक्या बोंबलांचा वास आला की अजून माझं डोकं भणभणतं. साठ सालानंतरची गोष्ट. मी मुंबईत समाजसेवेचं शिक्षण घेत होते. तुरुंगातून सुटलेल्यांना, गरिबांना आधार कसा द्यायचा ते शिकत होते. एकदा बाई आम्हा मुलींना पाहणीसाठी तारापूरजवळच्या माझ्याच कोळीवाड्यात घेऊन आल्या. निघताना आईनं पावसाळ्यासाठी राखलेले बोंबील सगळ्यांना बांधून दिले. "पोरीच्या मास्तरीन तुमी, रिकाम्या हातानं कशा धाडू?" बाईंनी तिला वाकून नमस्कार केला. गाडी वैतरणेच्या पुलावर येताच त्याच बाईंनी नाकाला पदर लावून आपलं पुडकं खिडकीबाहेर भिरकावलं. मग मुलींनीही भिरकावली. दुसऱ्या दिवशी वर्गात विषय होता, लोकांचा विश्वास कसा मिळवावा. आई मात्र मरेपर्यंत विचारत राहिली, "तुज्या बाईना बोंबील आवडलं ना?"