विळा हातात देऊ नये

लढाईच्या काळात, रॉकेल रेशनवर मिळायचं तेव्हा, माझे धाकटे दीर तुरुंगातून सुटून खालापूरजवळच्या आमच्या घरी आले. शेताच्या बांधाच्या भांडणात त्यांनी सख्ख्या भावावर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, कोयता चालवला होता. ह्यांचा डावा खांदा तेव्हापासून वर होत नव्हता. दीर येणार कळल्यावर मी घरातले कोयते, विळे सगळे शेजारी नेऊन ठेवले.

दीर दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालायचे. बसा म्हटलं की बसायचे आणि लगेच उठायचे. त्यांच्याकडे पाठ करून चूल फुंकायचा मला धीर होत नव्हता.

सुटलेल्या कैद्यांवर देखरेख करणारे एक साहेब यायचे. ते विचारायचे, "राग येतो का? झोप लागते का?" दोन्हीला दिरांचं एकच उत्तर, "नाय." साहेब म्हणाले, माणूस शांत झालाय. मला असा संताप आला! शांत झालाय तर न्या म्हणावं आपल्या घरी.

भातकापणी आली आणि विळे परत आणावेच लागले. आमच्यात धारेची वस्तू हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणून. एकाने खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. ह्यांनी मात्र विळा थेट भावापुढे धरला.

मी ओरडले, "अवं, खाली ठेवा! भांडण व्हईल!"

"व्हायचं ते होऊन गेलं," हे म्हणाले.

दिरांनी विळा घेतला. हे वळले आणि त्यांच्याकडे पाठ करून भात कापायला वाकले.

मी माझा विळा उचलला आणि दोघांच्या मधे जाऊन कापायला लागले.